आठ मुलांचा हिशेब

सिकलसेलच्या शिबिरात आईला रिपोर्ट समजावून सांगितला की ती जनुकाबद्दल सहसा काही विचारत नाही. ती पापाबद्दल विचारते. "मॅडम, मागच्या जन्मी मीनं असं काय केलं असन?" मूल, सिंदेवाही, आरमोरी, धानोरा, गाव बदलतं, वाक्य तेच राहतं. मी प्राणिशास्त्राची निवृत्त प्राध्यापक. समुपदेशनाच्या टेबलावर मला बसवतात ते 'एएस' म्हणजे वाहक आणि 'एसएस' म्हणजे रुग्ण, एवढा फरक सांगायला. मागच्या जन्माचं खातं माझ्याकडे नाही. पण त्या बाईने ते विचारायला दुसरीकडे जावं कुठे?

यातल्या कित्येकींच्या घरात भिंतीवर बाबासाहेब असतात. माझ्याही घरात आहेत. १६ ऑक्टोबर १९५६ ला चंद्रपूरला दीक्षा झाली, त्या गर्दीत माझे वडील होते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' पुढच्या वर्षी, बाबासाहेबांच्या पश्चात प्रसिद्ध झालं. त्यात पूर्वजन्मीच्या कर्माचा समाचार घेताना बाबासाहेब थेट आनुवंशिकतेकडे वळतात. विज्ञान सांगतं की मूल आईबापाचे गुण घेऊन येतं. कर्मवादी सांगतात की आईबापाकडून येतं ते फक्त शरीर, बाकीचं गाठोडं जीव स्वतः घेऊन येतो. दोन्ही एकदम खरं असू शकत नाही. आणि हा सिद्धान्त कुणाच्या सोयीचा, हेही ते विचारतात: गरिबाच्या दैन्याची जबाबदारी समाजाने आणि राज्याने झटकून त्याच्याच डोक्यावर ठेवायला याहून सोपी युक्ती नाही.

हे पुस्तक घरात आहे, पौर्णिमेला वंदना होते, बाई बचतगटाची अध्यक्ष आहे. आणि मुलाचे सांधे रात्री ठणकायला लागले की ती मागचा जन्म चाचपडते. आमच्या अंधश्रद्धा निर्मूलनवाल्या एका मित्राला याचा फार संताप येतो. मला येत नाही. का येत नाही हे सांगायचं तर एका भांडखोर इंग्रजाची गोष्ट सांगावी लागेल. तो देव मानत नव्हता, आत्मा मानत नव्हता, आणि सिकलसेलकडे बघण्याची माझी सगळी रीत त्याच्याकडून आलेली आहे.

जे. बी. एस. हॉल्डेन. जन्म ५ नोव्हेंबर १८९२, ऑक्सफर्ड. वडील जॉन स्कॉट हॉल्डेन शरीरशास्त्रज्ञ; खाणीतल्या विषारी वायूंचा अभ्यास करायचे, आणि तो स्वतःवर प्रयोग करून. पोरालाही बरोबर न्यायचे. एकदा एका खाणीत त्यांनी त्याला उभं राहून शेक्सपिअरच्या 'ज्युलियस सीझर'मधलं अँटनीचं भाषण म्हणायला लावलं. मिथेन हवेपेक्षा हलका, छताशी साठतो. पोराला धाप लागली, पाय लटपटले, तो खाली कोसळला. खाली हवा बरी होती, म्हणून शुद्धीवर आला. मिथेन छताशी असतो हे तो जन्मात विसरला नाही. पुढे त्यानेही तेच केलं. १९३९ मध्ये 'थेटिस' ही पाणबुडी बुडून ९९ माणसं गेली, तेव्हा गुदमरताना नेमकं काय होतं हे कळावं म्हणून हा पन्नाशीकडे झुकलेला प्राध्यापक दाबाच्या पेटीत स्वतः शिरला. अशा प्रयोगांत झटके आले, पाठीचे मणके दुखावले, कानाचे पडदे फाटले. फाटक्या पडद्यातून तंबाखूचा धूर काढता येतो, असं तो वर गमतीने सांगायचा.

त्याच्याकडे विज्ञानाची एकही पदवी नव्हती. ऑक्सफर्डला आधी गणित, मग ग्रीक, लॅटिन आणि तत्त्वज्ञान. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात जखमी झाला आणि बरं व्हायला हिंदुस्थानात आला, तेव्हापासून हा देश त्याच्या मनात होता. नंतर केंब्रिज. तिथे १९२५ मध्ये शार्लट बर्गेस या पत्रकार बाईच्या घटस्फोटात त्याचं नाव आलं आणि विद्यापीठाच्या सहा जणांच्या समितीने अनैतिक वर्तनाचा ठपका ठेवून त्याला काढून टाकलं. तो अपिलात गेला आणि जिंकला. दरम्यान १९२४ पासून एकामागून एक निबंध लिहून नैसर्गिक निवडीचं गणित मांडत होता. फिशर, राइट आणि हॉल्डेन या तिघांनी डार्विन आणि मेंडेल यांची गाठ गणिताने मारून दिली. एम. एस्सी.ला आम्हाला हे 'हार्डी-वाइनबर्गच्या पुढचं' म्हणून शिकवलं गेलं आणि परीक्षेपुरतंच पाठ झालं. माणूस भेटला तो लायब्ररीतल्या जुन्या निबंधसंग्रहांतून.

कारण हा मुळात लेखक होता. १९२३ मध्ये केंब्रिजच्या 'हेरेटिक्स' मंडळात त्याने 'डिडॅलस' हे व्याख्यान दिलं. पुढे मुलं गर्भाशयाबाहेर वाढवली जातील, असं त्यात सांगितलं. लोक हबकले. बर्ट्रांड रसेलने उत्तरादाखल 'इकॅरस' लिहिलं. मग 'पॉसिबल वर्ल्ड्स', 'फॅक्ट अँड फेथ', 'हेरेडिटी अँड पॉलिटिक्स'. कामगारांच्या 'डेली वर्कर'मध्ये १९३७ पासून १९५० पर्यंत तीनशेच्या वर लेख. देवाबद्दलचं त्याचं म्हणणं मला फार प्रामाणिक वाटतं: प्रयोग लावताना मी गृहीत धरतो की कुणी देव, देवदूत किंवा सैतान मधे ढवळाढवळ करणार नाही, माझे प्रयोग त्या गृहीतावर यशस्वी होतात, मग प्रयोगशाळेबाहेर आल्यावर मी वेगळं बोलू लागलो तर तो अप्रामाणिकपणा ठरेल. आमच्या विभागात सत्यनारायण घालून नवा मायक्रोस्कोप सुरू व्हायचा. त्यामुळे हे वाक्य मला तरुणपणी जिवाभावाचं वाटलं होतं.

आता सिकलसेलकडे येते. १९४९ मध्ये हॉल्डेनने एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. भूमध्य समुद्राकाठी थॅलसेमिया हा रक्ताचा आजार एवढा का, असा प्रश्न होता. जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असलेलं मूल मरतं, तर हे जनुक केव्हाच नाहीसं व्हायला हवं होतं. हॉल्डेनने सुचवलं की एकच सदोष प्रत असलेल्या वाहकाच्या लाल पेशी मलेरियाला दाद देत नसाव्यात. मरणाऱ्या मुलांमुळे जनुक जेवढं कमी होतं, तेवढंच वाचणाऱ्या वाहकांमुळे भरून निघतं. १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेत सिकलसेलच्या बाबतीत हे दाखवून दिलं. १९५२ मध्ये निलगिरीच्या डोंगरातल्या लोकांत सिकलसेल सापडला, मग विदर्भात, सातपुड्यात, छत्तीसगडात. जिथे जंगल आणि डास, तिथे तो.

गणित कळावं म्हणून मी विद्यार्थ्यांना कल्पनेतलं एक गाव द्यायची. हजार मुलं जन्मतात. साध्या रक्ताच्या दहा मुलांतलं एक मलेरियाने मरतं. वाहकाला मलेरिया मारत नाही. दोन्ही प्रती सदोष असलेलं मूल वाचत नाही. (खऱ्या गावात आकडे इतके सरळ नसतात, आणि हायड्रॉक्सियुरिया हे औषध, लसी, वेळेवर रक्त यांमुळे आज एसएस मुलं मोठी होतात, शिकतात, नोकऱ्या करतात. हा हिशेब जुन्या काळाचा आहे.) जनुक नसतं तर या गावात हजारांतली शंभर मुलं मलेरियाने गेली असती. जनुक आलं आणि पिढ्यांमागून पिढ्या चाळणी होऊन त्याचं प्रमाण स्थिरावलं की, अपूर्णांक सोडून, असं दिसतं: ८२६ साधी, १६५ वाहक, आठ एसएस. साध्यांतली ८३ मलेरियाने जातात. आठ सिकलसेलने जातात. एकूण ९१. म्हणजे जनुकामुळे गाव नऊ जिवांनी फायद्यात आहे.

वर्गात इथवर आलं की मुलं वहीत उत्तराखाली दोन रेघा मारायची. मला पुढचं विचारावंसं वाटायचं. त्या आठांना या फायद्यातलं काय मिळालं? काहीच नाही. गाव नफ्यात आहे ते त्या आठांच्या जिवावर. त्यांना कुणी विचारलेलं नाही, त्यांनी काही केलेलं नाही, आणि ज्यांच्यासाठी ते जातात त्यांना ते ठाऊकही नाहीत.

मी स्वतः एएस आहे. आमच्या लहानपणी घराच्या मागे धानाची बांधी आणि पाण्याचं डबकं, हिवताप दरवर्षीचा. मी त्यातून निघाले. माझ्या धाकट्या भावाचे हातपाय सुजायचे, डोळे पिवळे व्हायचे. कावीळ समजून झाडपाला दिला जायचा. तो शाळेत जायच्या वयाचा झालाच नाही. आजाराला नाव नव्हतं. ते खूप वर्षांनी मिळालं, माझी तपासणी झाली तेव्हा. वडीलही वाहक निघाले. आई तोवर गेली होती, पण तिचं रक्त तपासायची गरज उरली नव्हती. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणाला चारात एक शक्यता एसएसची, दोन वाहकाच्या, एक साध्या रक्ताची. मी त्या १६५ मधली. तो आठातला.

म्हणून आईचा प्रश्न मला मूर्खपणाचा वाटत नाही. कर्मविपाकात एक गोष्ट मात्र चोख आहे: ज्याने केलं त्याने फेडायचं. किराण्याच्या उधारीच्या वहीसारखं, ज्याच्या नावावर माल त्याच्याच नावावर बाकी. आईला ही वही हवी असते. मुलाचं दुखणं कुणाच्याच खात्यात बसत नाही, हे तिला सोसवत नाही. त्यापेक्षा ते आपल्या पापाच्या खात्यात पडलं तरी तिला चालतं. स्वतःला दोषी ठरवून ती जगातला न्याय वाचवते. माझा तो मित्र म्हणतो, तिला सरळ सांगा की हा योगायोग आहे. अंडपेशी बनताना गुणसूत्रांची जी वाटणी होते ती खरंच योगायोगाची, नाणेफेकच म्हणा. तो चूक नाही. पण तो त्या टेबलावर कधी बसलेला नाही.

मी बराच काळ एक उत्तर देत आले. "बाई, तुझं काही चुकलं नाही. हेच रक्त होतं म्हणून तुझ्या आजीची आजी हिवतापातून वाचली. तेव्हा तुझं घराणं राहिलं." शास्त्राला धरून आहे, आईच्या मनावरचं ओझंही उतरवतं. बहुतेक जणी मान डोलावतात. धानोऱ्याकडच्या एका गोंड बाईने मान डोलावली नाही. ती म्हणाली, "म्हणजे तिचं माझं पोरगं फेडते?"

एवढ्या वर्षांत हॉल्डेनच्या १९४९ च्या निबंधावर याहून धारदार टीका मी वाचलेली नाही.

ती बाई काय म्हणत होती ते नीट पाहायला हवं. निसर्गाच्या खात्यात नावं नसतात, फक्त बेरजा असतात. बेरीज बरोबर आली की खातं मिटलं. कर्माच्या खात्यात निदान त्या आठांतल्या प्रत्येक मुलाचं नाव असतं, भले खोट्या गुन्ह्यापुढे का असेना. आपल्याला कारण सापडलं की आपण समजतो अर्थही सापडला, आणि तिथेच फसतो. सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसलं, म्हणून पेशी कोयत्यासारखी वाकते. वाहक मलेरियातून वाचतो, म्हणून जनुक टिकतं. दोन्ही कारणं आहेत. दोन्हींतलं एकही समर्थन नाही.

हॉल्डेनला हे कळत होतं का? मला वाटतं, त्याच्यातल्या लेखकाला कळत होतं. त्याच्याबद्दल एक किस्सा त्याचा शिष्य जॉन मेनार्ड स्मिथ सांगायचा: भावासाठी जीव द्याल का, असं विचारल्यावर हॉल्डेन म्हणाला होता की एका भावासाठी नाही, पण दोन सख्ख्या भावांसाठी किंवा आठ चुलत भावांसाठी देईन. सख्ख्या भावात आपली निम्मी जनुकं, चुलत भावात एक अष्टमांश, हिशेब जमतो. पण १९५५ च्या एका लेखात तो स्वतः याच विषयावर लिहितो. बुडणाऱ्या मुलाला वाचवण्याचं जनुक असेल तर ते कधी पसरेल, याचा सगळा हिशेब मांडतो, आणि मग जाता जाता सांगतो की मी स्वतः दोनदा माणसांना पाण्यातून ओढून काढलं, तेव्हा मला हा हिशेब करायला सवड नव्हती.

हे वाक्य तो सहज टाकून पुढे जातो. माझ्या मते त्याचं सगळं नीतिशास्त्र तिथे आहे. परोपकार माणसात कसा आला हे जनुकांनी सांगावं. पण पाण्यात हात घालणारा जनुकांची परवानगी मागत नाही. त्या क्षणी समोरचा माणूस बेरजेतला एक आकडा नसतो.

मग हाच माणूस १९४८ मध्ये कुठे होता?

सोव्हिएत रशियात निकोलाय वाव्हिलॉव्ह नावाचा मोठा आनुवंशिकीतज्ज्ञ होता. जगभर हिंडून त्याने धान्यांच्या, पिकांच्या बियांचा तेव्हाचा सर्वांत मोठा साठा लेनिनग्राडला उभा केला होता. १९२८ मध्ये त्याच्याच निमंत्रणावरून हॉल्डेन पत्नी शार्लटसह रशियाला गेला होता. १९४० मध्ये वाव्हिलॉव्हला अटक झाली आणि १९४३ च्या जानेवारीत तो सारातोव्हच्या तुरुंगात उपासमारीने मेला. भूक संपवण्यासाठी आयुष्य घालवलेला माणूस. त्याच्या जागी वर चढला ट्रोफिम लिसेन्को. मेंडेलची जनुकं ही भांडवलदारांची थाप आहे, पिकाला जसं वळण लावाल तसं ते पुढच्या पिढीत उतरेल, असं सांगणारा. ऑगस्ट १९४८ मध्ये मॉस्कोच्या कृषी अकादमीने त्याचं म्हणणं अधिकृत ठरवलं आणि आनुवंशिकी त्या देशातून हद्दपार झाली.

हॉल्डेन १९४२ पासून ब्रिटनच्या कम्युनिस्ट पक्षाचा सभासद होता. शार्लट, जिच्यासाठी त्याने केंब्रिजशी भांडण केलं होतं, ती १९४१ मध्ये युद्धवार्ताहर म्हणून रशियात जाऊन आली आणि आल्यावर पक्ष सोडून मोकळी झाली. तिने पाहिलं ते बोलली. दोघांचा घटस्फोट झाला. नोव्हेंबर १९४८ मध्ये बीबीसीने लिसेन्कोवर चार शास्त्रज्ञांना बोलावलं. फिशर, डार्लिंग्टन आणि हार्लंड यांनी त्याचे वाभाडे काढले. चौथा हॉल्डेन. जगात ज्याच्या इतकं जनुकांचं गणित दोघांतिघांनाच येत होतं, तो घोटाळत राहिला: लिसेन्कोचं काही चूक आहे, काही बरोबर असू शकेल, पुरावे पाहू द्या. १९५० च्या सुमाराला तो पक्षातून गुपचूप दूर झाला. पण वाव्हिलॉव्हसाठी ज्या आवाजात ओरडायला हवं होतं त्या आवाजात कधी ओरडला नाही.

याला कुणी निष्ठा म्हणतं, कुणी भित्रेपणा. भित्रा तो नव्हताच. दाबाच्या पेटीत शिरणाऱ्याला भित्रा कसं म्हणावं? मला दिसतं ते असं की देव नाकारलेल्या या माणसाने एक मोठी वही मात्र मान्य केली होती: इतिहासाची. कष्टकऱ्यांचं राज्य येतं आहे, बेरीज शेवटी बरोबर येणार आहे, मधल्या ओळीत एखादं नाव खोडलं गेलं तर जाऊ द्या. माझ्या कल्पनेतल्या गावातल्या त्या आठ मुलांच्या जागी या वेळी त्याचा ओळखीचा माणूस होता, आणि पाण्यात हात घालताना हिशेबाला सवड नसलेला हॉल्डेन या वेळी हिशेब करत बसला.

एक गोष्ट अधिकच खुपते. चूक कबूल करणं त्याला जमत नव्हतं असं नाही. आपले विचार मेंदूतल्या अणूंच्या हालचालींनीच ठरत असतील तर ते खरे मानायला कारण उरत नाही, असा युक्तिवाद त्याने तरुणपणी केला होता. सी. एस. लुइस या ख्रिस्ती लेखकाने तो उचलून भौतिकवादाविरुद्ध वापरला. १९५४ मध्ये हॉल्डेनने 'मला एका चुकीचा पश्चात्ताप होतो' अशा अर्थाच्या मथळ्याचा लेख लिहून तो जाहीरपणे मागे घेतला. गणकयंत्रंही भौतिक नियमांनीच चालतात, तरी बरोबर उत्तरं देतात, हे त्याला दिसलं होतं. तर्कातली चूक मथळ्यात छापणाऱ्या माणसाला लिसेन्कोवर दोन सरळ ओळी लिहिणं जड गेलं.

१९५७ मध्ये तो पत्नी हेलन स्पर्वे हिच्यासह कायमचा भारतात आला. ब्रिटनने सुएझवर केलेल्या हल्ल्याचा निषेध हे जाहीर कारण. खाजगीत सांगायचा की साठ वर्षं मोजे घातले, आता पुरे. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत, तिचे संस्थापक महालनोबिस यांच्याकडे राहिला, १९६१ मध्ये भांडून बाहेर पडला, भारताचं नागरिकत्व घेतलं, मग भुवनेश्वरला ओडिशा सरकारच्या मदतीने स्वतःची प्रयोगशाळा थाटली. कुडता, शाकाहार, आणि प्राण्याला न मारता प्राणिशास्त्र. त्याचे विद्यार्थी महागड्या यंत्रांवाचून काम करायचे. एस. के. रॉय पारिजातकाच्या फुलांच्या पाकळ्या मोजायचे, झाडाच्या फुलांत नियमितपणा किती ते पाहायला. सुरेश जयकर यांनी हेलनबरोबर पिवळ्या गालाच्या टिटवीची घरटी न्याहाळली. ते काम मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जर्नलमध्ये आलं. कृष्णा द्रोणमराजू कुणाच्या कानावर केस आहेत, कुणाच्या नाहीत, याच्या वंशावळी काढायचे आणि आंध्रातल्या मामा-भाचीच्या लग्नांचा अभ्यास करायचे. हे वाचून मी माझ्या विद्यार्थ्यांकडून कॉलेजच्या आवारातल्या पारिजातकाची मोजणी करून घेतली होती. खर्च शून्य, आणि पोरांना सांख्यिकी कळली.

डार्विनने युरोपला मोठ्या कष्टाने जे पटवलं, की माणूस आणि इतर जीव यांच्यात भिंत नाही, ते भारतात आधीपासून होतं, अशा अर्थाचं हॉल्डेनने लिहिलं आहे. हिंदू विचारातली ही गोष्ट त्याला मोहवून गेली. देव न मानता, पुनर्जन्म न मानता त्याने तिचा आचार तेवढा उचलला. मला त्याचं कौतुक आहे आणि एक कुरबुरही आहे. माणूस आणि टिटवी यांच्यात भिंत नाही, मान्य. पण याच देशात माणूस आणि माणूस यांच्यात किती उंच भिंत होती, आणि तिला मागच्या जन्माचा चुना लावलेला होता, हे माझ्या वडिलांना विचारायचं. हॉल्डेन आला त्याच्या आदल्याच वर्षी लाखो माणसांनी तो धर्म सोडला होता. मुंग्यांना साखर घालणारी आळी आम्हाला पाणी वरून ओतायची.

आणि ती भिंत रक्तातही उतरते. जातीतल्या जातीत लग्न म्हणजे वाहकाला वाहक भेटण्याची शक्यता जास्त. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये जात मोडायला आंतरजातीय लग्न हा उपाय सांगितला तो न्यायासाठी. सिकलसेल कमी व्हायलाही तोच लागू पडतो. जनुक त्याने जात नाही, विखुरतं. आजारी मुलं मात्र कमी जन्मतात. मलेरिया पूर्ण थांबला आणि वाहकाचा फायदा संपला, तरी माझ्या त्या कल्पनेतल्या गावात जनुकाचं प्रमाण नुसतं निम्मं व्हायला अकरा पिढ्या लागतील. म्हणजे जवळपास तीनशे वर्षं. निसर्गाला घाई नसते. ज्याला मूल आहे त्याला असते.

गोंड बाईच्या प्रश्नानंतर मी आजीच्या आजीची गोष्ट सांगायची बंद केली. म्हणजे, कुणी विचारलं तर सांगते. सांत्वन म्हणून सांगत नाही. आता एवढंच म्हणते: तू काही केलेलं नाहीस, पोराने काही केलेलं नाही, आणि हे बरोबर नाही. मग औषधाचं सांगते, पाणी भरपूर पाजायचं सांगते, ताप आला तर वाट न बघता दवाखान्यात न्यायचं सांगते. 'हे बरोबर नाही' हे वाक्य विज्ञानाचं नाही. कर्मवादात ते बसत नाही, कारण तिथे सगळंच बरोबर असतं. इतिहासाच्या वहीतही बसत नाही. बाबासाहेबांच्या धम्मात बसतं, असं मला वाटतं: दुःख आहे, ते कुणाच्या नावावर न टाकता मान्य करायचं, आणि कमी करायच्या कामाला लागायचं.

हॉल्डेनला अखेरीस गुदाशयाचा कर्करोग निघाला. त्याने दवाखान्यातून त्यावर एक विनोदी कविता लिहून छापली. लोकांनी लाजून लपवू नये, वेळेवर तपासून घ्यावं म्हणून. आपल्यामागे दाखवायची श्रद्धांजलीही बीबीसीसाठी स्वतःच बोलून ठेवली. तीत लिसेन्कोचा उल्लेख आहे, आणि तिथेही तो म्हणतो की लिसेन्को चांगला जीवशास्त्रज्ञ आहे, त्याचं काही बरोबर, काही चूक. १ डिसेंबर १९६४ ला तो भुवनेश्वरला गेला. देह त्याच्या इच्छेप्रमाणे काकिनाड्याच्या रंगराय वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थ्यांना शिकायला दिला गेला.

वाव्हिलॉव्हच्या बाबतीत मी त्याला माफ करत नाही. बाकी त्याचं सगळं वाचावं असं आहे. इंग्रजी जमत असेल तर 'पॉसिबल वर्ल्ड्स'पासून सुरुवात करा, आणि 'हेरेडिटी अँड पॉलिटिक्स' लग्नाळू मुलामुलींच्या आईबापांनी आवर्जून वाचावं. रक्त, वंश, कूळ यांबद्दल जे आपण खात्रीने बोलतो त्यातलं फारसं काही ते पुस्तक शिल्लक ठेवत नाही.